मदत हवी आहे: शाळेतल्या खेळोपचार सत्रात मर्यादा कशा घालाव्यात?

खडूफळा:
शाळेत समुपदेशनासाठी १० बाय १२ फुटांची खोली मिळाली आहे. पहिली-दुसरीची मुलं, आठवड्यातून एकदा ४० मिनिटं. पद्धत बालकेंद्री, म्हणजे काय खेळायचं ते मूल ठरवणार. भातुकली, बाहुली आणि तिची दुधाची बाटली, आजी-आजोबांसकट बाहुल्यांचं कुटुंब, डॉक्टरचा संच, दोन फोन, साप, डायनोसोर, प्लॅस्टिकची तलवार, रंगीत खडू, शाडू आणि वाळूचा ट्रे एवढं जमलंय.

अडचण अशी की मूल वाळू फेकतं किंवा अंगावर धावून येतं, तेव्हा "असं करायचं नाही हं" म्हटलं की एक तर चिडतं, नाहीतर उरलेला वेळ गप्प बसून राहतं. वेळ संपली की खोलीतून हलत नाही. नियम पहिल्याच दिवशी सांगून टाकावेत का?

निरगुडी:
नको. यादी ऐकून बुजरं मूल आणखी आक्रसतं, आणि दांडगटाला करून पाहण्याजोग्या गोष्टी आयत्या कळतात. पहिल्या दिवशी एवढंच म्हणा, "इथे तुला हवं ते बरंचसं खेळता येईल." 'सगळं' म्हणालात तर पुढे खोटे पडाल. मर्यादा गरजेपुरत्याच, हे बालकेंद्री खेळोपचाराचा पाया घालणाऱ्या व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांच्या १९४७च्या आठ तत्त्वांपैकी शेवटचं तत्त्व आहे.

वेळ आली की खेळोपचारतज्ज्ञ गॅरी लँड्रेथ यांचा क्रम वापरा: आधी भावना, मग मर्यादा, मग पर्याय. "तुला माझा खूप राग आलाय. मला मारायचं नाही. त्या लोडाला मार हवं तर." लोडाकडे बोटही दाखवा, रागाच्या भरात नुसतं बोलणं कानात शिरत नाही. (खोलीत लोड हवाच. तुमच्या यादीत नाही.) भावना आधी, कारण पुष्कळदा तेवढ्यानेच उगारलेला हात थबकतो. 'नाही' आधी आलं की पुढचं ऐकायला मूल थांबत नाही.

ऐकलं नाही तर तेच दोन-तीनदा, आवाज न चढवता. मग निवड द्या: "वाळू ट्रेमध्ये ठेवलीस तर तू वाळूशी खेळायचं ठरवलंस. फेकलीस तर आज वाळू नको असं ठरवलंस." फेकली तर ट्रेवर झाकण. 'आज' म्हणायला विसरू नका, पुढच्या वेळी ट्रे पुन्हा उघडा. इथे बहुतेकांचा सूर धमकीचा होतो, आणि मग ते मूल आणि तुम्ही यांच्यातलं भांडण होऊन बसतं.

निरोपासाठी ५ मिनिटं आधी सांगा, मग १ मिनिट आधी. वेळ झाली की स्वतः उभे राहा: "अजून खेळायचं होतं तुला. आजची वेळ संपली." दाराकडे चालू लागा. गोळीचं आमिष नको. आवराआवर मुलाकडून करून घेऊ नका, त्याने मांडलेला खेळ म्हणजे त्याचं बोलणंच असतं. दोन सत्रांच्या मध्ये १० मिनिटं मोकळी ठेवा, आणि प्रत्येक खेळणं ठरलेल्या जागी परत ठेवा.

पाटीपुस्तक:
वरच्याला जोडून. कौतुक जपून करा. "छान काढलंस" म्हटलं की मूल तुमच्यासाठी काढू लागतं. त्याऐवजी "सगळं आकाश निळं केलंस, कोपरासुद्धा सोडला नाहीस" म्हणा. मुलाने एखादं खेळणं दाखवून "हे काय आहे?" विचारलं तर "तुला हवं ते होऊ शकतं."

ट्रेचा तळ आतून निळा रंगवा, वाळू सरकवली की पाणी दिसतं. ट्रे साधारण ७२ बाय ५० सेंमी, ७ सेंमी खोल. वाळू चाळून, धुऊन, वाळवून घ्या, नाहीतर धूळ डोळ्यांत जाते. शाडू ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बॅटरीची खेळणी काढून टाका, त्यांत खेळतं ते खेळणंच. सापशिडीही नको, सगळं लक्ष हार-जीतवर जातं.

मुलांत मिसळण्याची अडचण असेल तर काही एकट्याच्या सत्रांनंतर दोघांना एकत्र घ्या. वयात वर्षभराहून जास्त फरक नको. दोघांशीही नाव घेऊन आणि सारखंच बोला, नाहीतर एकजण प्रेक्षक होतो.

खडूफळा:
आभारी आहे, लोड आणतो. खेळातून लैंगिक अत्याचाराची शंका आली तर?

पाटीपुस्तक:
नुसता खेळ किंवा चित्र हा पुरावा नव्हे. खोदून विचारू नका, बाहुलीवर "दाखव बरं" अजिबात नको. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लगेच लिहा. पण असा गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा तो घडेल अशी भीती वाटत असेल तर पॉक्सो कायदा, २०१२च्या कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे तुमची जबाबदारी संपत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. गुप्ततेला हा अपवाद असतो, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.