गॅस खाली साचतो
राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीत (कॅम्परव्हॅनमध्ये) खिडकी उघडी ठेवली की गॅसची भीती नाही, असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं. एलपीजी हवेपेक्षा जड; गळला की खाली, पलंगाखालच्या खणात साचतो. आमच्या अशाच गाडीचं, ट्रॅव्हलर व्हॅनचं, आतलं काम बडोद्यात मकरपुऱ्याला करून घेतलं. मिस्त्रीने गॅसचा अलार्म थेट छताला ठोकला होता, धुराचा असल्यासारखा! तो जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी पाडून घेतली.

निघताना रेग्युलेटर बंद करणं बायकोकडे आहे, मी दोनदा विसरलोय. आणि थंडीत ऊब म्हणून शेगडी पेटवून झोपू नका. बंद गाडीत ती जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो; त्याला वास नसतो, साधा गॅस अलार्म त्याला वाजत नाही. त्याचा वेगळा घ्यावा लागतो.