रात्रीचा डायपर सोडवताना अंथरूण ओले होते, काय करावे?

खानापूर तालुक्यातील एक आई

माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. दिवसा तो वर्षभरापासून स्वतः सांगून लघवीला जातो, परंतु रात्री आम्ही आतापर्यंत डायपरच लावत होतो. पावसाळा सुरू झाल्यावर मांड्यांवर पुरळ उठले, म्हणून दहा दिवसांपूर्वी डायपर बंद केला आणि त्या दहापैकी सात रात्री अंथरूण ओले झाले. आमचे गाव जांबोटीच्या बाजूला असल्यामुळे या दिवसांत वाकळ एकदा भिजली की चार-चार दिवस वाळत नाही, आणि शेगडीच्या धगीवर वाळवली तरी वास जात नाही. रात्री दोन वाजता मी त्याला उचलून परड्यातील संडासात नेते, पण तो उभ्या-उभ्याच झोपलेला असतो. डायपरमुळेच त्याला ही सवय लागली असे सासूबाई म्हणतात. त्याच सासूबाई असेही सांगतात की त्याचे वडील सात वर्षांचे होईपर्यंत अंथरूण ओले करत. काल सकाळी मी रागावले, तेव्हा "मी नाही, तांब्या सांडला," असे तो म्हणाला आणि मलाच अपराधी वाटले. पुन्हा डायपर लावावा का?

निवृत्त परिचारिका, निपाणी

ताई, दिवसाचा ताबा शिकवून येतो. रात्रीचा मात्र शरीर तयार झाल्यावरच येतो. झोपेत लघवी कमी तयार व्हावी यासाठी मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रात्री अधिक प्रमाणात स्रवावे लागते, मूत्राशयात रात्रभराची लघवी मावावी लागते आणि ते भरल्याची जाणीव होऊन झोपेतून जागही यावी लागते. तुमच्या मुलाच्या वयात मूत्राशयात साधारण १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका मोठ्या कपाएवढी लघवी मावते. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात, आणि पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत डॉक्टर याला आजार मानतच नाहीत. सासूबाईंची दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे, कारण आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर तो मुलातही दिसण्याची शक्यता बरीच वाढते. त्याचे वडीलही असेच होते, हे त्याला वडिलांच्याच तोंडून ऐकू द्या.

दोन गोष्टी मात्र आजच पाहाव्यात. पहिली म्हणजे शौचास कडक होते का, कारण भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते आणि आपल्याकडे पोट साफ नसण्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. दुसरी म्हणजे संध्याकाळचा चहा, जो आपल्या भागात मुलांना खारी-बटराबरोबर सर्रास दिला जातो. तो बंद करावा. पाणी तोडू नये. ते सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर द्यावे, म्हणजे रात्री जेवल्यावर आपोआप कमी लागते.

एक वडील, वडगाव, बेळगाव

आमच्या मुलीच्या वेळी आम्ही वाकळ खाली अंथरणेच बंद केले. गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या सुती लुगड्याची घडी, पुन्हा मेणकापड आणि पुन्हा घडी अशी दुहेरी रचना केली, त्यामुळे रात्री वरची जोडी काढली की खाली कोरडे अंथरूण तयार असे आणि दिवा न लावता पाच मिनिटांत सगळे पुन्हा झोपत. पातळ लुगडे पंख्याखालीही वाळते. दुसरे असे की पावसात, अंधारातून परड्यात जायचे म्हटल्यावर मोठी माणसेसुद्धा कूस बदलून झोपतात; मुलासाठी खोलीतच पॉटी ठेवा आणि तिथे मंद दिवा असू द्या.

एक आजी, चिकोडी

आमच्या काळी डायपर नव्हते आणि मुले लवकर कोरडी होत, असे माझे मत आहे. झोपण्यापूर्वी काळे तीळ आणि गूळ द्यावा, आणि रात्री उठवण्यात खंड पडू देऊ नये. माझ्या नातवाला याचाच गुण आला.

निवृत्त परिचारिका, निपाणी

आजी, तीळ-गूळ खाऊ म्हणून अवश्य द्यावा, परंतु तो यावरचा उपाय नव्हे. झोपेतच उचलून नेल्याने अंथरूण कोरडे राहते हे खरे, मात्र तेव्हा आपण मूत्राशय रिकामे करत असतो, मूल काही शिकत नसते. उठवायचेच असेल तर तुम्ही स्वतः झोपायला जाताना एकदाच उठवा आणि त्याला पूर्ण जागे करून त्याच्या पायांनी चालवत न्या. ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की डायपर पुन्हा लावल्याने काहीही बिघडत नाही. सकाळी तो सलग काही दिवस कोरडा मिळू लागला की पुन्हा प्रयत्न करा. पुरळ बरे होईपर्यंत मात्र त्वचा उघडी, कोरडी ठेवणेच बरे.

लघवी करताना दुखणे, ताप, थेंब-थेंब लघवी होणे, फार तहान लागून वजन घटणे, किंवा सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागणे, यांपैकी काही दिसले तर वयाचा विचार न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

खानापूर तालुक्यातील एक आई

सर्वांचे आभार. पुरळ बरे होईपर्यंत दुहेरी अंथरूण वापरून पाहते, त्यानंतर पाऊस ओसरेपर्यंत डायपर लावून दसऱ्यानंतर पुन्हा सुरुवात करते. शौचास त्याला खरोखरच दोन-तीन दिवसांआड होते. त्याचा याच्याशी संबंध असेल असे कधी मनातही आले नव्हते. चहाचे तेवढे अवघड आहे, कारण तो मी देत नाही, तो सासऱ्यांच्या बशीतून पितो.