लॉ कॉलेजातलं विद्यार्थ्यांचं मंडळ नव्याने उभं करायचंय: उपक्रम कोणते घ्यावेत, आणि पुढे कामाला काय येतं?

कॉलेजरोड_एलएलबी२

नमस्कार मंडळी. नाशिकात तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज पुणे विद्यापीठाशी संलग्न. आमच्याकडे 'लॉ सोसायटी' नावापुरतीच: फ्रेशर्सचा कार्यक्रम, संविधान दिनाला एक पाहुणा, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो. यंदा पंचवीसेक जण नीट काम करायला तयार आहेत. प्रत्येकी २०० रुपये काढले तर ५,००० जमतात.

मूट कोर्टवर (काल्पनिक खटल्यातल्या युक्तिवादाचा सराव) भर द्यावा की लीगल एडवर (मोफत कायदेशीर मदत)? मंडळाची रीतसर नोंदणी करावी का? आणि घरात कोणी वकील नसलेल्या पोरांना यातून पुढे नेमकं काय मिळतं? सर्टिफिकेटांबद्दल विचारत नाहीये.

बोर्डावर_नजर

आधी अभ्यासक्रम उघडा, मग उपक्रम ठरवा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत मूट आणि इंटर्नशिपचा १०० गुणांचा पेपर आहे: तीन मूटचे ३०, खटल्यांच्या निरीक्षणाचे ३०, पक्षकाराची मुलाखत नि दाव्यापूर्वीच्या तयारीचे ३०, तोंडीचे १०. हे सगळ्यांनाच करावं लागतं आणि बहुतेक जण शेवटच्या महिन्यात सीनियरची वही उतरवून मोकळे होतात. मंडळाने हेच काम वर्षभर नीट करून घेतलं तरी पुष्कळ झालं.

निरीक्षणाला एक दिवाणी आणि एक फौजदारी प्रकरण लागतं. सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयात पाच-पाच जणांनी जा. पंचवीस जण एकदम हॉलमध्ये शिरले तर पट्टेवाला बाहेर काढणारच, आणि त्याचं बरोबरच आहे. प्राचार्यांचं पत्र आधी देऊन ठेवा. आदल्या संध्याकाळी ई-कोर्ट्स अ‍ॅपवर बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी बघा आणि पुराव्याच्या टप्प्यावरचीच प्रकरणं निवडा, नाहीतर दुपारपर्यंत नुसत्या तारखा पडताना बघत बसाल. निवडलेल्या प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढची तारीख त्यावरूनच सापडते.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना आधी माहीत असते. दिवाणी दाव्यात सरतपास (साक्षीदार आणणाऱ्या पक्षाने घेतलेली त्याची साक्ष) शपथपत्रावर येतो, चेक बाउन्सच्या प्रकरणातही बहुधा तसाच. म्हणजे तिथे कानावर पडतो तो थेट उलटतपास. सरतपास ऐकायचा असेल तर सत्र खटला गाठा. पोक्सो, बलात्कार किंवा कौटुंबिक प्रकरणं निवडू नका. ती बंद दाराआड चालतात, तुम्हाला बसू देणार नाहीत. पीडितेचं नाव वहीत लिहिणं तर दूरच.

'आज साक्ष झाली' ही नोंद नव्हे. नोंद अशी हवी: 'सरकार पक्षाचा साक्षीदार क्र. २, पंच. पंचनाम्यावरची सही कबूल. जप्ती आपल्यासमोर झाली नाही असं सांगितलं. सरकारी वकिलांनी साक्षीदाराला फितूर जाहीर करून प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने दिली.' अशी चार पानं जमली की तोंडी परीक्षेला पाठांतर लागत नाही.

धर्मादाय_फाईल

नोंदणीबद्दल एवढंच सांगतो: करू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण मिळाले की संस्था होते, पण महाराष्ट्रात लगेच १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदाही मागे लागतो. दरवर्षी हिशेब द्यायचे, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. तुमची कार्यकारिणी दरवर्षी पास होऊन कॉलेज सोडणार. तिसऱ्या वर्षी जुने पदाधिकारी पुण्या-मुंबईत, बदल अर्ज पडून, बँक खात्यावर सही कोणाची हा घोळ.

कॉलेजचाच एक कक्ष म्हणून प्राचार्यांकडून कार्यालयीन आदेश काढून घ्या. एक प्राध्यापक समन्वयक, पैसे कॉलेजच्या खात्यात वेगळ्या शीर्षाखाली, खर्च व्हाउचरवर. पाच हजारांसाठी संस्था काढायची नसते.

पूर्वपक्ष

मूटवर लिहितो. संघ तिघांचा: दोन वक्ते, एक संशोधक. नवी मंडळं वक्ते निवडण्यात महिना घालवतात आणि मेमोरियल (लेखी युक्तिवाद) शेवटच्या चार दिवसांत लिहितात. उलट करा. मूटची समस्या (काल्पनिक खटल्याची हकिकत) हाती आली की पहिला आठवडा फक्त तथ्यांची तारीखवार यादी आणि मुद्दे. मग मुद्द्यागणिक निवाडे. युक्तिवादाचा सारांश सगळ्यात शेवटी, कारण तो आधी लिहिला की पुढचं लिखाण त्यात कोंबून बसवलं जातं.

गुण कुठे जातात? पहिलं, शीर्षटिपणीतून (निवाड्याच्या वरचा सारांश) उतरवलेले निवाडे. परिच्छेद क्रमांक विचारला की वक्ता गप्प. ई-एससीआर आणि इंडियन कानून या दोन्ही संकेतस्थळांवर पूर्ण निवाडे फुकट मिळतात, त्यामुळे सबब चालत नाही. दुसरं, नंतर उलटवला गेलेला निवाडा. तिसरं, ओळख फुटणं. मेमोरियलवर फक्त संघाचा कोड टाकतात, पण पीडीएफच्या गुणधर्मांत ज्याच्या लॅपटॉपवर फाईल बनली त्याचं नाव तसंच राहतं. पाठवण्याआधी तिथे जाऊन पुसा.

आणि सध्याचा खास खड्डा: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांची कलमं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या सवयीने ४८२ म्हटलं की हात आपोआप उच्च न्यायालयाचे 'अंगभूत अधिकार' लिहितो. पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, अंगभूत अधिकार गेले ५२८ वर. न्याय संहितेत खून १०३, आणि ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्यासाठी उच्चारलेले शब्द. घटनेची तारीख १ जुलैच्या आधीची असेल तर गुन्ह्याचं कलम जुन्या दंडसंहितेचंच लागतं, हेही समस्येत मुद्दाम पेरलेलं असतं. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून वाचनालयाच्या भिंतीवर लावा. छपाईचा खर्च शंभर रुपयांच्या आत.

बाहेरगावच्या स्पर्धांना नोंदणी शुल्क, प्रवास, राहणं धरलं तर तुमचे ५,००० एका संघातच संपतील. आधी कॉलेजातच तीन मूट भरवा. ३० गुणांचं कामही त्यातच होतं. परीक्षक म्हणून चांगला उलटतपास घेणारे दोन स्थानिक वकील बोलवा. मोठं नाव नको, ते अर्ध्या तासाने येतात आणि भाषण करून जातात.

पेठ_सुरगाणा

लीगल एड म्हणजे गावात फलक लावून भाषण, हा समज आधी सोडा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली जिल्हा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच आहे, आणि लॉ कॉलेजांत विधी सेवा केंद्र चालवण्याची तरतूद नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) २०११ च्या विनियमांत आहे. तिथे अर्ज द्या. विधी शाखेचे विद्यार्थी सनद (वकिलीचा परवाना) घेईपर्यंत विधी स्वयंसेवकही होऊ शकतात.

पहिल्या शिबिरात एकच गोष्ट नीट सांगा: मोफत वकील कोणाला मिळतो. कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच नाही. 'दाखला आणा' म्हणून बाईला तहसीलला पाठवणारे स्वयंसेवक तिचा दिवस आणि एसटीचं भाडं फुकट घालवतात.

आपल्या जिल्ह्यात खरं काम वनहक्काच्या दाव्यांत आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर पट्ट्यात २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे आहेत, २०१८ च्या नाशिक-मुंबई लाँग मार्चची एक मुख्य मागणी हीच होती. वैयक्तिक दावा 'अ' नमुन्यात, सामूहिक वनसंपत्तीचा 'क' मध्ये. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, कमाल चार हेक्टर. एका पुराव्यावर भागत नाही, किमान दोन लागतात: जुन्या दंडाच्या पावत्या, वडीलधाऱ्यांचा जबाब, बांध-विहीर अशा खुणा. नामंजुरीवर वरच्या समितीकडे जायला ६० दिवस असतात, आणि तिथेच गाडी अडते. नामंजुरीचं लेखी पत्र हातात नसतं, म्हणून मुदत कधीपासून मोजायची तेच कळत नाही. विद्यार्थ्यांनी फक्त एवढं केलं तरी चालेल: प्रत्येक दाव्याची एक पानी टिपण, त्यात कुठले पुरावे जोडलेत, कुठला निर्णय कधी झाला, प्रत मिळाली का.

एक मर्यादा पाळा. सल्ला प्राधिकरणाच्या वकिलाने द्यायचा. तुम्ही वकीलपत्रावर सही करू शकत नाही, बँड लावून कोर्टात उभे राहू शकत नाही.

कॉलेजरोड_एलएलबी२

नोंदणीचा विषय बंद केला, धन्यवाद. पण तिसऱ्या प्रश्नाचं काय? आमच्यातले निम्मे 'जज्ज व्हायचंय' म्हणतात, निम्म्यांना कंपनी हवी.

सातपूर_अंबड

जज्ज होऊ म्हणणाऱ्यांना पहिल्यांदा हे सांगा: २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तीन वर्षं मोजतात ती तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून. निकाल लागल्यावर 'आधी क्लास, मग सनद' असं करणारे स्वतःचे महिने वाया घालवतात. सनद शुल्क २०२४ च्या निकालाने ७५० रुपयांवर आणलं आहे, अनुसूचित जाती-जमातींना १२५. मग बार परीक्षा: १०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पुढे वकिलीचं प्रमाणपत्र दहा वर्षं जुन्या वकिलाचं लागतं, त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता. म्हणजे त्या तीन वर्षांत कोणाच्या हाताखाली बसणार हे आत्ताच ठरवायला हवं, आणि मंडळाचा खरा उपयोग तिथे आहे.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २०. सलग चार आठवड्यांहून जास्त मोजत नाहीत. एकदा तरी खालच्या कोर्टातल्या आणि अपिलाच्या वकिलाकडे व्हावीच लागते. नाशिक अजून मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या मुख्य पीठाखालीच येतं, तेव्हा एक महिना पंचवटी एक्सप्रेसने अप-डाऊन किंवा तिकडे राहायची सोय. मंडळाने वकिलांची यादी करावी, पण नुसते फोन नंबर नकोत. कोण काय करतं, इंटर्नला ड्राफ्ट लिहायला देतात की नुसत्या फाईली वाहायला लावतात, हे शेऱ्यासकट.

आता कंपनी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना वर्षाला एकदा व्याख्यान देणारा नको असतो, कागद नीट करणारा हवा असतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी कामाच्या जागी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते, त्यात एक बाहेरचा सदस्य, किमान निम्म्या स्त्रिया. समिती नेमल्याचा आदेश, वार्षिक अहवाल, चौकशीचे ९० दिवस यांचे नमुने ज्याने हाताने केलेत त्याला मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू आहेत. त्यांचा जुन्या कायद्यांशी मेळ घालून दाखवणारा माणूस एचआरला आज हवाच आहे.

नाशिकचं दुसरं काम ट्रेडमार्कचं. बेदाणा वर्ग २९, मसाले नि चिवडा ३०, ताजी द्राक्षं ३१, वाईन ३३. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योगाचं प्रमाणपत्र न जोडता कमी शुल्क भरलं की आक्षेप येतो. तपासणी अहवाल मिळाल्यावर ३० दिवसांत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात.

तिसरं, टायटल सर्च, म्हणजे जमिनीच्या मालकीची तपासणी. ३० वर्षांचा शोध: सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांची सूची), सातबारा, सगळे फेरफार, आठ-अ. सातबारावर सगळं स्वच्छ दिसतं म्हणून थांबू नका, 'इतर हक्क' आणि जुना फेरफार वाचा. जमीन कधीकाळी आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची परवानगी आहे का, हे आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदा बघायचं.

फौजदारीची आवड असेल तर कायदेशीर मदत बचाव वकील योजना बघा. सहायक पदाला शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो. घरात वकील नसलेल्यासाठी ठरलेल्या मानधनाची अशी सुरुवात दुसरी नाही.

बोर्डावर_नजर

वरच्यांशी एका बाबतीत असहमत. ट्रेडमार्क, टायटल, समिती हे सगळं एकाच वर्षी नको. पंचवीस जणांत आठ-आठचे तीन गट करा: कोर्ट, मूट, वनहक्क. कागदांचं काम पुढच्या वर्षी. आणि अहवाल फोटोंचा नको, नोंदींचा हवा.

कॉलेजरोड_एलएलबी२

ठरलं. सोमवारी प्राचार्यांना दोन पत्रं देतोय, एक कक्षाच्या आदेशासाठी आणि एक जिल्हा न्यायालयासाठी. कलमांच्या तक्त्याची फाईल कोणाकडे असेल तर टाका, नसेल तर रविवारी बसून करतो आणि इथेच टाकतो.