पॉलिश काँक्रीटला 'देखभाल शून्य' म्हणे!

शेडवाला: नाशिकच्या अंबड, सिन्नरला नवी शेड बांधणाऱ्यांनो, फरशीवर एपॉक्सीचा (रेझिनचा) थर देण्यात पैसे घालवू नका. सरळ पॉलिश काँक्रीट करा, म्हणजे स्लॅबच घासून चमकवा. देखभाल शून्य, डाग पडत नाही, कुठेही चालतं. वायनरीतसुद्धा.

गंजमाळ: शेवटचा शब्द लिहिला नसता तर गप्प बसलो असतो. द्राक्षरसाचा पीएच ३ ते ४, वर टार्टरिक आम्ल. ते सिमेंट खातं. मग ८०० ग्रिटपर्यंत (आकडा मोठा तितकी घासाई बारीक) घासा नाहीतर ३०००. डेन्सिफायर (काँक्रीटमध्ये मुरवायचं द्रव) त्यातल्या मोकळ्या चुन्याशी मिळून पृष्ठभाग कडक करतो, धूळ थांबवतो; आम्लापासून वाचवत नाही. द्राक्षं चिरडायच्या जागी सिमेंट झिजतं, आपली बेसाल्टची काळी खडी तशीच उभी राहते आणि फरशी खरखरीत होते. तिथे ६ ते ९ मिमी पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीटचा थर आणि ड्रेनकडे उतार. पॉलिश करायचंच तर बाटल्यांच्या गोदामात करा.

शेडवाला: बरं, वायनरी सोडा. नाशकात सगळ्या शेड वाईनच्याच आहेत का? सातपूरच्या जुन्या शेडमध्ये स्लॅबखाली प्लास्टिक नाही, खालून ओल येते, एपॉक्सीला फोड येतात आणि फोर्कलिफ्ट वळते तिथून पापुद्रे निघतात. पॉलिशला सोलायला थरच नाही, ओल वरून उडून जाते. याचं उत्तर द्या.

कोटावाले_काका: कोटा टाका, पिढ्यान्पिढ्या टिकतो.

ट्रिमिक्स४०: काका, हँड पॅलेटची छोटी कडक चाकं कोट्याच्या सांध्यावर रोज आपटली की कडा उडतात, खाली पोकळी असेल तर फरशीच फुटते. ऑफिसात टाका, खुशाल.
आता खरी गोष्ट. तुम्ही सगळे वरच्या चमकेवर भांडताय, बोंब खाली असते. काळी माती तशीच ठेवून वर मुरूम पसरतात. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, स्लॅब हलतो. काळी माती काढा, मुरूम १५० ते २०० मिमीच्या थरांत पाणी मारून रोलरने दाबा, पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), २५० मायक्रॉन प्लास्टिक, मग एम-३० प्रतीच्या काँक्रीटचा १५० मिमी स्लॅब. आणि ग्रूव्ह, म्हणजे आकसताना भेग सरळ रेषेत यावी म्हणूनची खाच, वेळेवर कापा! खोली स्लॅबच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ४० ते ५० मिमी, अंतर साधारण ४ मीटर. कॉलमभोवती वेगळा सांधा ठेवला नाही तर कोपऱ्यातून तिरकी भेग हमखास.

गंजमाळ: 'वेळेवर' म्हणजे कधी? कटरवाला दुसऱ्या दिवशी दुपारी उगवतो, तोवर स्लॅबने स्वतःच ग्रूव्ह पाडलेला असतो.

ट्रिमिक्स४०: एप्रिलच्या उन्हात ६ ते १२ तासांत. निफाडला जानेवारीच्या थंडीत काँक्रीट उशिरा सेट होतं, घाई केली तर कडांची खडी निखळते. घड्याळ नाही, स्लॅब बघायचा.

गंजमाळ: म्हणजे ठेकेदाराला पळवाट! करारात तास लिहा.

ट्रिमिक्स४०: तास लिहा आणि कडा फुटल्या की बिल कापा, हाच धंदा ना? साइटवर उभं राहायला नको तुम्हाला.

शेडवाला: अहो, विषय पॉलिशचा होता.

ट्रिमिक्स४०: तोच चाललाय. पॉलिश भेग लपवत नाही, उठून दाखवतं. २८ दिवसांआधी मशीन लावू नका. आधी धातूच्या डायमंड चकत्या, ग्रिट ४०, ८०, १५०, मग डेन्सिफायर, मग रेझिनच्या चकत्या २००, ४००, ८००. गोदामाला ४०० पुरे, पुढचं पाहुण्यांसाठी. पीपीसी सिमेंटमध्ये मिसळलेली फ्लाय अॅश (कोळशाची राख) मोकळा चुना आधीच खाते, डेन्सिफायरला कमी उरतो, तेव्हा एक पॅच करून बघा. फोर्कलिफ्टच्या वाटेवरचे सांधे पॉलियुरियाने (रेझिनचा भराव) भरा, आणि स्लॅबचं आकसणं झाल्यावरच.

गंजमाळ: एवढं नीट केलं तर पॉलिश एपॉक्सीपेक्षा जास्त टिकतं, मान्य. पण 'डाग पडत नाही' खोटं. कटिंग ऑइल रात्रभर राहिलं की आत मुरतं. आणि हाउसकीपिंगवाल्याने एकदा टॉयलेटचं अॅसिड मारलं की चमक गेलीच. न्यूट्रल पीएचचा क्लीनर लागतो, गार्ड (वरचा संरक्षक लेप) पुन्हा मारावा लागतो. शून्य?

शेडवाला: घ्या, 'शून्य' खोडून 'कमी' केलं. वायनरीही काढली. घासताना निघणारी स्लरीही (सिमेंटचा चिखल) लिहू का, की त्यावर उद्या स्वतंत्र भांडण?

ट्रिमिक्स४०: लिहाच. अल्कलीयुक्त असते, गटारात सोडली की तिथेच घट्ट बसते. व्हॅक्यूमने उचलून वाळवायची. आणि हे काम कोणाच्या दरात ते आधी ठरवा.