बाबांच्या ७५ व्या वाढदिवसाला खऱ्या वाफेच्या गाडीत बसवायचंय, कुठली गाडी?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या बाबांना फेब्रुवारीत ७५ पूर्ण व्हायलेत. हॉल घेऊन जेवण घालूया म्हटलं तर नकोच म्हणतात. त्यांचं लहानपण लोंढ्यात गेलं, तेव्हा आपल्याकडं सगळी मीटरगेज (एक मीटर रुंदीचे अरुंद रूळ) आणि कोळशाची इंजिनं, कॅसलरॉकच्या घाटातनं चढून आलेली गाडी स्टेशनात शिरताना बघायला पोरं पळत जायची हे अजून सांगतात. आता ती लाईन ब्रॉडगेज होऊन पण कितीतरी वर्षं झाली, आणि नातवंडांनी वाफेचं इंजिन फक्त कार्टूनमध्ये बघितलंय. म्हणून यावेळी सगळ्यांनी मिळून चालत्या वाफेच्या गाडीत बसायचं म्हणायलोय. माथेरान जवळ पडतं, पण ती वाफेवर चालते का? उटीच्या गाडीबद्दल एकजण होय म्हणतो, दुसरा म्हणतो डिझेल लागतं. नक्की काय आहे सांगा की.

शहापूरचा:
माथेरान सोडा, तिथं रोजच्या गाडीला डिझेलच असतं. दार्जिलिंगला वाफ आहे, पण ७५ वर्षांच्या माणसाला एवढ्या लांब कशाला न्यायचं. उटीचीच करा, फक्त नीट समजून करा. तुम्हाला दोघांनी पण खरंच सांगितलंय. डोंगराच्या पायथ्याचं मेट्टुपाळयम ते कुन्नूर वाफेचं इंजिन, कुन्नूर ते उटी डिझेल. बरेच लोक बसनं उटीला जातात, तिथनं कुन्नूरपर्यंत गाडीत बसतात आणि वाफेच्या गाडीत बसलो म्हणून फोटो टाकतात. तुम्ही खालनं मेट्टुपाळयमलाच बसा.

खरी मजा कल्लार स्टेशनच्या पुढं. चढ १२ ला १, म्हणजे १२ फूट पुढं गेलं की १ फूट वर. आपला ब्रागांझा घाट, म्हणजे तोच कॅसलरॉकचा, ३७ ला १ आहे, त्यावरनं अंदाज करा. एवढ्या चढाला नुसत्या चाकांची पकड पुरत नाही म्हणून रुळांच्या मधोमध दात्यांच्या पट्ट्या आहेत आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर चढतं. इंजिनाला चार सिलिंडर, दोन नेहमीच्या चाकांना आणि दोन या दातेरी चाकाला, आधीच्या दोघांत वापरलेली वाफच पुढच्या दोघांत जाते. बाबांना हे सांगा, खूष होतील. आणि चढताना इंजिन मागं असतं, मागनं ढकलतं. कुन्नूरपर्यंतची लाईन १८९९ ची, उटीला १९०८ ला पोचली, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. रूळ अजून मीटरगेजच, बाबांच्या लोंढ्याच्या वेळचेच!

चिकोडीकाका:
अहो पण एवढा प्रवास कशाला? हुबळीला रेल्वे म्युझियम आहे, म्हैसूरला तर १९७९ पासून आहे, जुनी इंजिनं ठेवलीयत, पोरांना वर चढून बघता येतं. वय बघून ठरवा.

शहापूरचा:
काका, म्युझियम चांगलंच आहे, पण तिथं इंजिन थंड उभं असतं. ज्यानं लहानपणी धूर, वाफ, शिट्टी सगळं अनुभवलंय त्याला ते बघून उलट वाईट वाटेल असं मला वाटतं.

निपाणीवाली:
मी सासूबाईंना घेऊन गेले होते, गुडघे दुखतात त्यांचे, तरी जमलं. गाडी सकाळी ७ नंतर सुटते, कुन्नूरला तीन-साडेतीन तास लागतात. डब्यात टॉयलेट नाही, हे आधीच सांगून ठेवा. मध्ये हिलग्रोव्हसारख्या स्टेशनात इंजिनाला पाणी भरायला थांबते तेव्हा सगळे उतरतात, तिथं आवरून घ्यायचं. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी बसा, फर्स्ट क्लास मिळाला तर बघा कारण तो डबा सगळ्यात पुढं असतो आणि समोरचा रूळ दिसतो. बेळगावातनं राणी चन्नम्मानं बेंगळुरू, तिथनं दुपारची कोईमतूरची वंदे भारत, आणि रात्री मेट्टुपाळयमला मुक्काम, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना पहाटे धावपळ नाही. महिना चांगला निवडलाय, ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिकडं पाऊस असतो, दरड पडली की गाडी रद्द. दशम्या आणि शेंगाचटणी घरनंच न्या, स्वेटर वरच्या बॅगेत ठेवा.

खानापूरकर:
लई उपकार झाले सगळ्यांचे. ठरलं मग, मेट्टुपाळयमच. एकच विचारायचंय, बाबांना सरप्राइज द्यावं की आधीच सांगावं? बायको म्हणते सरप्राइज.

निपाणीवाली:
वहिनींना सांगा, यावेळी नको. आत्ताच सांगा त्यांना. या वयात वाट बघण्यात पण आनंद असतो, दोन महिने नातवंडांना लोंढ्याच्या गोष्टी सांगत बसतील, पोरं पण तयार होऊन येतील.

शहापूरचा:
होय, सांगाच. आणि कुन्नूरला उतरल्यावर लगेच हॉटेल शोधायला पळू नका. तिथं वाफेचं इंजिन सोडवतात आणि डिझेल जोडतात, बाबांना प्लॅटफॉर्मवर उभं राहून निवांत बघू दे. पुढं उटीपर्यंतचं तिकीट असेल तर गाडी तिथं थांबलेली असते तेवढ्यात बघून घ्या. मला विचाराल तर कुन्नूरलाच उतरा, दुसऱ्या दिवशी उटी करा.