टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर (कोपरातला फाटलेला लिगामेंट बदलणं) बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पूर्ववत कधी झाला म्हणायचा? मदत हवी आहे

आम्ही न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचे चाहते. डेरेक जीटरनंतरचा बरा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) कोण, यावर ऑफिसात रोजचं भांडण. मी डीडी ग्रेगोरियसच्या बाजूने (अँथनी व्होल्पेचं गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगचा पुरस्कार, मान्य, पण बॅटिंगचं काय?). त्यातून विषय कोपरावर आला. डीडीची टॉमी जॉन ऑक्टोबर 2018 मध्ये झाली आणि जून 2019 मध्ये तो मैदानात होता. आमचा पिचर गेरिट कोलची मार्च 2025 मध्ये झाली, तेव्हा मात्र अख्खा मोसम गेला.

पिचर दर चेंडू पूर्ण जोराने टाकतो, म्हणून त्याला साधारण 12 ते 18 महिने लागतात, एवढं वाचलंय. आधी सपाट जमिनीवर थ्रो, मग माउंड (पिचरचा उंचवटा), मग मायनर लीगमधले, म्हणजे खालच्या स्तरावरचे सामने, हा क्रमही ठाऊक आहे. बातम्यांत फक्त वेग देतात, त्यावरून काही कळत नाही. फँटसी लीग खेळत नाही, त्यामुळे कोणाला घ्यावं-सोडावं हा प्रश्नच नाही.

अडलंय ते इथे: परतलेल्या पिचरचा वेग आधी येतो की कंट्रोल? आणि आकडेवारीत नेमकं काय बघायचं, वॉक्स (चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस) की फास्टबॉलचा स्पिन?