एआयबीई नापास झाले. घरी आणि सरांना कसं सांगायचं?

नवी_सनद

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

३० नोव्हेंबरची एआयबीई (ऑल इंडिया बार एक्झाम, नव्या वकिलांना द्यावी लागते ती) मी पुण्याला जाऊन दिली होती. रिझल्ट लागला. नापास. तसं आन्सर की आली तेव्हाच मोजलं होतं, ४३-४४ च्या पुढे गाडी जातच नव्हती, पण म्हटलं एखाददुसरा प्रश्न रद्द होतो, ओपनला ४५ लागतात, होईल काहीतरी. नाही झालं.

दुसरी कुठली परीक्षा असती तर एवढं लागलं नसतं. एमपीएससीत राहिलं तर लोक पाठीवर हात ठेवतात, एआयबीईत राहिलं तर हसतात. पुस्तक बघून लिहायची परीक्षा, निगेटिव्ह मार्किंग नाही, शंभर प्रश्न, पास झालं की झालं, रँक पण नाही. कॉलेजमध्ये आम्हीच म्हणायचो की यात नापास व्हायला वेगळं टॅलेंट लागतं. तर ते टॅलेंट माझ्यात निघालं.

आता खरी अडचण. माझे बाबा आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंगला बसतात, सव्वीस वर्षं झाली, आधी मशीन होतं आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर. दावा, कैफियत, अ‍ॅफिडेव्हिट, मुदतीचे अर्ज, अर्ध्या बारचं काम त्यांच्या टेबलावरून जातं. ऑगस्टमध्ये सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली त्या दिवशी त्यांनी बाररूमपासून शिरस्तेदार, बेलिफांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले, झेरॉक्सवाल्यालासुद्धा. अ‍ॅडव्होकेट लिहिलेली पितळी पाटी करायला टाकलीय. रिझल्ट लागल्यापासून रोज दोन-तीन जण तरी त्यांना विचारतात की लेकीचं काय झालं हो, आणि ते म्हणतात बघितला नसेल अजून तिने, कामात असते. मी खरंच कामात असते, पण बघितलाय.

ज्या सरांकडे ज्युनिअर आहे तेही मी पास झाले असंच धरून चाललेत. दोन-तीन मॅटरमध्ये वकीलपत्रावर सरांच्या खाली माझी सही आहे. कालच एका मॅटरमध्ये मी उभी राहून मुदत मागितली, मिळाली पण, आणि खाली बसले तर हात थरथरत होते की मी हे करू शकते की नाही आता.

म्हणून विचारते, मला कोर्टात उभं राहता येतं का? सरांना सांगायचंच का, की पुढची परीक्षा गुपचूप देऊन मोकळी होऊ? आणि जेएमएफसीसाठी (खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी) तीन वर्षं प्रॅक्टिस लागते ना आता, मग ती पास झाल्यापासून मोजायची का, म्हणजे हे सहा महिने पाण्यात?

---

मागचा_बाक

ताई राग मानू नका पण बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचं नुसतं मूळ पुस्तक) समोर असताना ४५ पडत नसतील तर जरा विचार करा. मी लास्ट सेमला असतानाच दिली, आता देता येते. आठवडाभर वाचलं, पास. पाच विषयांतच खेळ संपतो. राज्यघटना १०, बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला) १०, सीपीसी (दिवाणी प्रक्रिया) १०, बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला) ८, साक्ष कायदा ८, झाले ४६. बाकी लेबर, टॅक्स, कंपनी वगैरेला हातसुद्धा नाही लावला तरी चालतं. अशिलाचं घरदार आपल्या हातात असतं, एवढी तरी चाळणी हवीच.

---

बोर्डावर_शेवटचा

नवी सनद, आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं म्हणजे रात्री झोप लागेल.

उभं राहता येतं. तुझी सनद प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती आहे, एनरोलमेंटच्या तारखेपासून दोन वर्षांत एआयबीई पास व्हायची असते, तसं डिक्लरेशन तूच सही करून दिलेलं असणार, ऑगस्टमध्ये कागदांच्या ढिगात कुठेतरी. त्या दोन वर्षांत वकीलपत्र दाखल कर, मुदत माग, उलटतपास घे, काही अडत नाही. दोन वर्षं उलटली आणि पास नसशील तर मग प्रॅक्टिस थांबते, पास होईपर्यंत. तुझे सहाच महिने झालेत. किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही, फक्त दरवेळी साडेतीन हजार भरायचे. (सनदेची फी साडेसातशे आणि ती सनद टिकवायची परीक्षा साडेतीन हजार, हा हिशोब मला अजून कळलेला नाही. साडेसातशे पण सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला कान उपटले म्हणून, त्याच्या आधी आम्ही याच्या कितीतरी पट भरलेत.)

जेएमएफसीचं. २० मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांची अट परत आणली तेव्हाच स्पष्ट केलं की मोजणी प्रोव्हिजनल एनरोलमेंटपासून करायची, एआयबीई पास झाल्यापासून नाही, कारण परीक्षा वेगवेगळ्या वेळी होते. म्हणजे तुझा ऑगस्ट धरलाय. मात्र प्रॅक्टिसचा दाखला दहा वर्षं झालेल्या वकिलाकडून घ्यावा लागतो आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचं शिक्कामोर्तब लागतं, म्हणून रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) तुझं नाव येईल असं बघ. नुसतं सरांची बॅग धरून मागे उभं राहिलीस तर कागदावर काही दिसत नाही.

आता मागचा बाक यांना. मी २०१० ला पास झालो, म्हणजे या परीक्षेच्या पहिल्याच घाण्यात सापडलो, ६ मार्च २०११ ला पहिली एआयबीई झाली तिला बसलो होतो. आमच्या एक वर्ष आधीचे सगळे परीक्षेशिवाय वकील आणि आम्ही मात्र पेन्सिल घासत बसलेलो. मी पास झालो आणि पुढच्याच आठवड्यात एका दरखास्तीत कोर्ट फी स्टँप कुठे लावायचा ते मला माहीत नव्हतं, ते मला बेलिफाने सांगितलं. तेव्हा चाळणीचं जरा जपून.

---

काळा_कोट_मे_महिना

अगं बाई मी तिसऱ्यांदा पास झाले. तिसऱ्यांदा. आणि आज लातूर भागात पोटगीच्या केसेस म्हटल्या की लोक माझ्याकडे येतात.

तुझं कुठे बिघडलं ते मला न बघता सांगता येईल. बेअर अ‍ॅक्टची पिशवी घेऊन गेलीस, प्रत्येक प्रश्नाला पुस्तक उघडलंस, तीन तासांत शंभर प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं पण नाहीत, आणि शेवटचे वीस-पंचवीस गोळे अंदाजपंचे काळे केलेस. बरोबर ना? पुस्तक नेता येतं हेच आपल्याला बुडवतं. मी पहिल्या वेळी अकरा पुस्तकं नेली होती, त्यातली दोन उघडली.

आणि दुसरी गोष्ट जी कॉलेजमधून थेट बसणाऱ्या पोरांना कळणार नाही. आपण रोज कोर्टात बसतो म्हणून आपल्याला जास्त अवघड जातं. नवे कायदे १ जुलै २०२४ ला आले, पण त्याआधीचे गुन्हे अजून आयपीसीखालीच चालतात, आणि आपल्याकडचं बोर्ड (रोजच्या केसेसची यादी) म्हणजे बहुतेक जुन्याच केसेस, त्यामुळे दिवसभर कानावर ४२०, ४९८-अ, ३०७ हेच. परीक्षेत मात्र सगळं नवीन. मी पोटगीवाली, सीआरपीसीचं १२५ रक्तात भिनलेलं, ते आता बीएनएसएसमध्ये १४४. आणि १४४ म्हटलं की आपल्याला काय आठवतं, जमावबंदी! ती गेली १६३ ला. ४८२ बघितलं की हात आपोआप क्वाशिंगकडे (गुन्हा रद्द करून घेण्याकडे) जातो, पण नव्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, क्वाशिंग ५२८ ला. पेपरवाले नेमकं इथेच पकडतात. कोरी पाटी असलेल्याला हा त्रासच नाही.

सरांना सांग. आजच. मी पहिल्या वेळी नाही सांगितलं, त्यांना बाररूममधून कळलं, आणि त्यांना राग नापास झाल्याचा नव्हताच, चार लोकांत त्यांनी म्हटलं होतं की आमची ज्युनिअर पास झाली आणि समोरचा गालात हसला, त्याचा होता. महिनाभर नीट बोलले नाहीत माझ्याशी. दुसऱ्या वेळी मीच आधी सांगितलं तर म्हणाले बरं, दुपारनंतर येऊ नकोस परीक्षेपर्यंत, अभ्यास कर. दोन आठवडे मिळाले फुकटचे. तरी नापास झाले, ते सोड.

---

दिवाणी_मेंदू

मुळात ही परीक्षाच बेकायदेशीर आहे असं माझं मत. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २४ मध्ये पात्रता दिलीय, त्यात परीक्षा कुठेय? सुप्रीम कोर्टाचा व्ही. सुदीर निकाल, १९९९ चा, वाचा. पदवी दिली, सनद दिली, मग परत परीक्षा कसली.

---

बोर्डावर_शेवटचा

दिवाणी मेंदू साहेब, सुदीरचा निकाल आता रद्द ठरलाय. १० फेब्रुवारी २०२३, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, बार कौन्सिलला परीक्षा घेता येते आणि ती सनदेच्या आधी घ्यायची की नंतर तेही कौन्सिलनेच ठरवायचं. मत असू द्या, पण त्या मतावर कुणाला परीक्षा चुकवायला सांगू नका.

---

मागचा_बाक

ओके, मी जरा जोरात बोललो. १४४ चं माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी जुनं १४४ कधी वापरलंच नाही, बातम्यांतच ऐकलंय. ताई प्रश्नपत्रिकेच्या सेट कोडचा गोळा नीट भरला होता ना? आमच्या सेंटरवर एकाचा राहिला होता.

पण एक विचारतो, मी अजून कुणाकडे लागलो नाही, सगळे म्हणतात पहिली दोन वर्षं पैसे विचारायचे नाहीत. बार कौन्सिलचं ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रक आहे ना, शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत म्हणून?

---

काळा_कोट_मे_महिना

द्यावेत असं आहे, द्यायचेच असं नाही. मी ते परिपत्रक एका सीनियरांना दाखवलं होतं, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले छान ड्राफ्टिंग आहे.

---

नवी_सनद

सगळ्यांचे खूप आभार. सेट कोड भरला होता, तेवढं तरी बरोबर होतं. आणि काळा कोट ताई, तुम्ही सेंटरवर माझ्या मागे बसला होता की काय, अगदी हेच झालं, शेवटचे बावीस मी डोळे मिटून सोडवलेत. ४८२ चा प्रश्न मी बाहेर आल्यावर एसटीत बसल्या बसल्या मनात बरोबर केला.

सरांना काल संध्याकाळी सांगितलं. ते फाईल बघत होते, मान पण वर केली नाही, म्हणाले "दोन वर्षं आहेत ना तुझी? उद्या त्या मनाई अर्जात म्हणणं द्यायचंय, ते काढलंस का?" मी रात्रभर जी भाषणं तयार केली होती ती सगळी वाया.

बाबांचं वेगळं झालं. त्यांना सांगितलं तर आधी काहीच बोलले नाहीत, टेबल आवरायला लागले, प्रिंटरवर कापड टाकलं, मला वाटलं आता संपलं. मग खालच्या ड्रॉवरमधून एक गठ्ठा काढला, स्टेपल केलेले कागद. जुनं कलम डावीकडे, नवं उजवीकडे, आयपीसी, सीआरपीसी, साक्ष कायदा सगळं, मराठीत. २०२४ च्या जूनमध्येच टाइप करून ठेवलंय म्हणे, कायदे लागू व्हायच्या आधी, कारण वकील लोक सारखं विचारायला येणार हे त्यांना माहीत होतं. दहा रुपयाला एक देतात, शंभरच्या वर गेलेत. मी सहा महिने रोज त्यांच्या टेबलाशेजारी डबा खाते, आणि मला माहीत नव्हतं. मी म्हटलं मला का नाही दिलंत, तर म्हणाले "तू वकील, मला वाटलं तुला येतच असेल."

पाटी झाली आहे, आणून ठेवलीय घरी. लावायची की पास झाल्यावर लावायची यावर आई आणि बाबांचं चाललंय.

एक शेवटचं विचारते, ही यादी परीक्षेत नेता येत नाही ना?

---

बोर्डावर_शेवटचा

नाही. फक्त बेअर अ‍ॅक्ट, त्यातही नोट्स नकोत, पेन्सिलने लिहिलेलं असेल तर खोडून ने. पाटी लाव, सनद आहे तुझ्याकडे. आणि पुढच्या वेळी मराठी पेपर घ्यायचा विचार कर, मराठीतून देता येते, ज्या भाषेत रोज अर्ज लिहितेस त्याच भाषेत प्रश्न वाचायला वेळ कमी लागतो. काही ठिकाणी भाषांतर असं असतं की मूळ इंग्रजी आठवावं लागतं, म्हणून आधी दोन-तीन जुने पेपर मराठीतून सोडवून बघ.

---

मागचा_बाक

ताई बाबांची ती यादी पीडीएफमध्ये आहे का? दहा रुपये जीपे करतो.

---

काळा_कोट_मे_महिना

मलाही एक. आणि पास झालेल्यांना वीस रुपये लाव गं.